केंब्रिजमध्ये बोटीचे पैसे रस्त्यात देऊ नका

गेल्या जुलैत आई-बाबा माझ्याकडे लंडनला आले होते. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. बाकी काही राहिलं तरी चालेल, पण केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज बघायचंच, असं ते पुण्याहून ठरवून आले होते. रँग्लर परांजपे 1899 साली तिथूनच सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा तिथवर कसा पोचला, हे बाबांनी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलंय.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी म्हटलं, कॉलेजं नदीतूनच बघू. कॅम नदीत पंट चालतात. पंट म्हणजे सपाट तळाची लांबट बोट. तिला वल्हं नसतं. मागच्या फळीवर उभा राहून नावाडी लांब वासा नदीच्या तळाला रेटतो आणि बोट पुढे सरकते.

किंग्ज परेड या रस्त्यावर, किंग्ज कॉलेजच्या चॅपलसमोरच एका तरुणानं आम्हाला गाठलं. इथलाच विद्यार्थी आहे म्हणाला, आईला हात जोडून नमस्ते केलं. तुमच्यापुरती वेगळी बोट, दीड तास, सगळी कॉलेजं, 120 पौंड, फक्त रोख. मी मुद्दाम विचारलं, सेंट जॉन्स नक्की ना? त्यानं नकाशावर त्या कॉलेजवर बोट ठेवून दाखवलं. घाटावर मोठी रांग आहे, दोनच बोटी उरल्यात, असंही म्हणाला. मी पैसे दिले. पावती म्हणून हातात कागदाचा तुकडा आला, त्यावर पेनानं नुसता 3 लिहिलेला.

सिल्व्हर स्ट्रीटजवळच्या काठावर आम्हाला सोडून तो निघून गेला. बोटीत आधीच सात माणसं होती. वेगळ्या बोटीचं विचारलं तर नावाडी म्हणाला, मला फक्त माणसं मोजून घ्यायला सांगितलंय. तेव्हाच उतरायला हवं होतं. पण दोघांनी दोन्हीकडून धरून आईला नुकतंच बसवलं होतं, तिला पुन्हा उठवणं जिवावर आलं.

क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल आला. हा न्यूटननं एकही खिळा न वापरता बांधला, असं नावाड्यानं सांगितलं. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "न्यूटन 1727 ला गेले, पूल 1749 चा आहे." मग किंग्जचं हिरवळीचं मैदान, क्लेअरचा 1640 चा दगडी पूल. बाबा आता पुढे सरकून बसले होते. ट्रिनिटी, रेन लायब्ररी आणि त्यानंतर सेंट जॉन्स, हा क्रम त्यांना पाठ होता. पण ट्रिनिटीच्या आधीच, गॅरेट हॉस्टेल पुलाशी नावाड्यानं बोट वळवली. पुढे गर्दी आहे, वेळ संपली, एवढंच बोलला. काठाला लागलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

किंग्ज परेडवर परत गेलो, तो तरुण दिसला नाही. मग चालत सेंट जॉन्सच्या दारापर्यंत गेलो, पण पाहुण्यांची वेळ टळली होती. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. दारावरचं कोरीवकाम बघत उभे राहिले. दोन दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, शहराच्या मध्यभागी रस्त्यात माणसं गाठून पंटच्या फेऱ्या विकण्यावर कौन्सिलनं 2016 सालीच बंदी आणली होती. बॅक्सची, म्हणजे कॉलेजांच्या मागच्या बाजूची, नेहमीची फेरी साधारण पाऊण तासाची असते. कुणी दीड तास म्हणालं तर कुठून कुठवर नेणार हे लिहून मागा. मी क्रेडिट कार्डानं पैसे दिले असते तर हातात काहीतरी राहिलं असतं. 1974 च्या ग्राहक पत कायद्यानुसार 100 पौंडांवरच्या खरेदीत कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. रोख पैशांना हे संरक्षण नाही, आणि त्या तरुणाला ते नक्की ठाऊक असणार.

तुमच्याही घरात कुणाला सेंट जॉन्सची ओढ असेल, तर मॅग्डलिन पुलाजवळच्या क्वेसाइडला जा आणि तिथल्या खिडकीवरच तिकीट काढा. तिथून दक्षिणेला निघालं की सेंट जॉन्स सुरुवातीलाच लागतं. मग बोट मध्येच कुठूनही वळवली, तरी ते बघून झालेलं असतं.