गिअरबॉक्स बदला म्हणाले होते: जुन्या मियाटाच्या क्लच-गिअरचे अकरा महिने

माझदा म्हटलं की आपल्याकडे अजून स्वराज माझदाचे टेम्पो आणि शाळेच्या बसेस आठवतात. माझ्याकडची माझदा दोन सीटची आहे: २००१ सालची मियाटा, जिला अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी एमएक्स-५ म्हणतात. १.८ लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, वजन साधारण १,०८० किलो. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. याच शहरात फेब्रुवारी १९८९ च्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा जगासमोर आली. मी ती गेल्या मार्चअखेर घेतली, तेव्हा ९२ हजार मैल झाले होते.

या गाडीचं सगळं कौतुक गिअरच्या दांड्यासाठी होतं. दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो, मध्ये केबल नाही की लांबलचक सळ्या नाहीत. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना हात दोनेक इंच हलतो, बस. माझ्या गाडीत मात्र वेगळंच चाललं होतं. सकाळी पहिल्यातून दुसरा टाकताना दांडा वाटेत अडायचा, जोर लावला तर 'खट्' करून बसायचा. रिव्हर्स टाकताना खर्र आवाज यायचा. क्लच पॅडल अगदी फरशीजवळ आल्यावर कुठे पकडायचं, आणि ती जागासुद्धा रोज थोडी बदलायची. घरून निघताना एक, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये दुसरीच.

जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी दहा मिनिटं चालवली आणि सांगितलं, दुसऱ्या गिअरची सिंक्रो गेली, बॉक्स बदलावा लागेल, अडीच हजार डॉलर. गाडी लिफ्टवर घेतली नाही, पॅडलखाली कुणी वाकून पाहिलं नाही. मला त्याचा अजूनही राग आहे, कारण मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

त्या रविवारी आप्पांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवत होतो. आप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण, कुंभार्ली घाटातून. रिव्हर्सचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "थांब थांब. क्लच पुरता सुटंना झालाय त्यो. दोन-तीनदा पंप मार आन मग टाक बरं." मी पॅडल तीनदा भराभर दाबलं, चौथ्यांदा दाबून धरलं, रिव्हर्स टाकला. आवाज न करता बसला. सात समुद्रापलीकडून, फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकून!

ही तपासणी कुणालाही फुकटात करता येते. सिंक्रो म्हणजे पितळी रिंग. ती पुढच्या गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग सारखा करते, मग दातात दात बसतात. एवढीशी रिंग, तिला फक्त क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट यांचा वेग बदलायचा असतो. पण क्लच पूर्ण सुटला नसेल तर त्या रिंगला अख्ख्या इंजिनाशी झुंजावं लागतं. मग दांडा अडतो आणि आपण दोष गिअरबॉक्सला देतो. पंप मारल्याने गिअर बसत असेल, तर आजार बहुधा क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये आहे: कुठेतरी हवा शिरली आहे किंवा ऑइल गळतंय, त्यामुळे एका दाबात क्लच सोडवणारा काटा पुरेसा सरकत नाही. पंप मारूनही फरक पडला नाही, तर सिंक्रो किंवा क्लच प्लेटकडे वळायचं.

पुढच्या शनिवारी गाडी जॅकवर चढवून चार स्टँडवर ठेवली. पॅडलजवळचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, आणि त्या दाबाने खालचा स्लेव्ह सिलिंडर क्लचचा काटा सरकवतो. हा स्लेव्ह गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला असतो, दोन बोल्टवर. त्याच्या तोंडावरचं रबरी टोपण नखाने मागे सारलं, तर आतून काळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ते टोपण कोरडं असायला हवं. आतलं सील गेलं की ऑइल तिथे साठतं, आणि साठतंय तोवर जमिनीवर थेंबही दिसत नाही, त्यामुळे मालकाला पत्ता नसतो. मियाटात हा दुखणाईत भाग म्हणून ओळखलाच जातो. डॅशबोर्डखाली डोकं घालून मास्टर सिलिंडर पाहिला, तिथे पॅडलची दांडी फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, शिरते त्या जागीही ओल होती. दोन्ही एकदम बदलले. एकच नवा टाकला तर नव्याच्या दाबाने जुना थोड्याच दिवसांत हात टेकतो, असं ज्याने त्याने सांगितलं, आणि मला ते पटलं. रबरी नळीही बदलली, कारण ती बोटाने दाबली तर मऊ लागत होती. नळी फुगली तर पायाचा जोर तिथेच जिरतो.

हवा काढायला बायको पॅडलवर, मी खाली. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या डॉट ३ ऑइलमध्ये (ब्रेक-क्लचचं ऑइल) बुडवलेलं. "दाब... धर... सोड." पहिल्या पंधरा-वीस फेऱ्यांत पॅडल फरशीला चिकटून बसायचं, ती दर वेळी हाताने वर उचलायची. नळीतून आधी कॉफीसारखं ऑइल, मग फेस, मग एक-एक बुडबुडा, आणि शेवटी मधाच्या रंगाची अखंड धार. मग पॅडल आपोआप पायामागे वर आलं. वरची छोटी टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो, म्हणून ओलं फडकं आधीच पसरून ठेवा.

त्यानंतर पॅडलची सेटिंग. मास्टरच्या दांडीवर लॉकनट असतो. तो सैल करून दांडी फिरवली की क्लच पकडायची जागा वर-खाली होते. मी ती फरशीपासून साधारण एक तृतीयांश उंचीवर आणली. मोह होतो आणखी वर घ्यायचा, पण पॅडलच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल राहिलीच पाहिजे. ती संपली तर मास्टरमधला दाब पूर्ण परत येत नाही, आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहून घसरायला लागतो. अर्धा-अर्धा फेरा देऊन, प्रत्येक वेळी गल्लीत चक्कर मारून, असं सहा वेळा केलं. सहाव्यांदा जागा मिळाली आणि अकरा महिन्यांत ती हललेली नाही.

एवढ्यानेच रिव्हर्सचा आवाज गेला आणि दुसऱ्या गिअरचा अर्ध्याहून अधिक त्रास मिटला. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोठा फरक इथेच पडला.

पण दांडा अजून लापट होता. चौथ्या-पाचव्यात गाडी असताना नुसता थरथरायचा आणि उन्हाळ्यात मधल्या कन्सोलमधून गरम हवा मांडीवर यायची. नॉब काढला, कन्सोल काढलं, वरचं रबर काढलं. खाली तीन बोल्ट. ते सोडले की अख्खा दांडा हातात येतो. आतलं छोटं रबरी बूट दोन ठिकाणी फाटलं होतं. गरम हवा आणि आवाज तिथूनच येत होते. दांड्याच्या तळाला नायलॉनची एक वाटी असते, बोटाच्या पेराएवढी. माझी बिस्किटासारखी चुरली होती. तुकडे चिमट्याने एक-एक वेचले, कारण एकही आत पडता कामा नये. दांडा बसतो त्या खोबणीला स्वतःचं वेगळं ऑइल असतं, जेमतेम ८०-९० मिलिलिटर. गिअरबॉक्सचं ऑइल बदलणारे बहुतेक जण हे विसरतात, कारण ते खालून निघत नाही. मी सिरिंजने ओढलं. बाहेर आलं ते गाळासारखं, बोटांत चोळलं तर कचकचणारं. बावीस-चोवीस वर्षांत बहुधा कुणी हातच लावला नव्हता. नवीन बूट, नवीन वाटी, नवीन ऑइल. सामानाला एका बऱ्या जेवणाइतके पैसे, वेळ एक दुपार. दांडा प्रत्येक गिअरमध्ये आता 'टक्' करून बसतो, आणि बसल्यावर हलत नाही.

मग गिअर ऑइल. इथे लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून मी माझं तेवढंच सांगतो. पाच गिअरच्या बॉक्सला दोन लिटर लागतं, ७५डब्ल्यू-९०. सिंक्रोला घासून काम करायचं असतं, त्यामुळे ऑइल फार निसरडं असूनही चालत नाही, आणि थंडीत घट्ट असेल तर रिंगला ते बाजूला सारायलाच वेळ लागतो. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-५ मधली गंधक-स्फुरदाची जास्तीची रसायनं डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या) दातांसाठी असतात. पितळी रिंग असलेल्या बॉक्समध्ये मला जीएल-४ च बरं वाटलं. रेड लाइनचं एमटी-९० टाकलं. बाटली एका क्वार्टची, म्हणजे लिटरपेक्षा थोडी कमी; दोन बाटल्यांत दोन लिटर भरत नाहीत, तिसरी फोडावी लागते, तेव्हा तीनच आणा. आणि आधी भरायचा बोल्ट सैल होतो का ते बघा, मगच खालचा उघडा. उलटं केलं आणि वरचा अडकला तर गाडी स्टँडवरच राहील. पहिल्या आठवड्यात फरक फारसा कळला नाही. शंभरेक मैलांनंतर गाडी गरम असताना दुसरा आणि तिसरा लोण्यासारखे पडू लागले.

लोक नेहमी दुसऱ्याच गिअरची तक्रार का करतात, ते आकड्यांत दिसतं. पहिल्याचं गुणोत्तर ३.१३६, दुसऱ्याचं १.८८८. पाच हजार आरपीएमला पहिल्यातून दुसरा टाकला तर आरपीएम तीन हजारांवर यावे लागतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात, म्हणजे १.३३० मध्ये, साधारण ३,५०० वर. चौथ्यातून पाचव्यात फक्त चार हजारांच्या थोडं वर. सर्वांत मोठी उडी पहिल्या-दुसऱ्याची, म्हणून सर्वांत जास्त झीज दुसऱ्याच्या रिंगची. हे कळल्यावर मी सकाळी पहिला गिअर अडीच हजारांच्या वर ताणत नाही, आणि न्यूट्रलमध्ये पाव क्षण हात थांबवतो. रिंगला तेवढा वेळ पुरतो.

जुलैत आप्पा आले. त्यांना घेऊन विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येला गेलो. शिकागोच्या आसपास सगळी जमीन ताटासारखी सपाट, पण त्या कोपऱ्यावरून हिमयुगातल्या हिमनद्या गेल्याच नाहीत, त्यामुळे तिथे अजून टेकड्या, दऱ्या आणि वळणं आहेत. छत उघडं, आप्पा डोक्याला रुमाल बांधून शेजारी. उतारावर तिसऱ्यातून दुसरा टाकताना मी नुसता क्लच दाबून टाकत होतो. ते म्हणाले, "डबल क्लच मार की." क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, परत क्लच आणि दुसरा. तिसऱ्यात तीन हजारांवर असाल तर दुसऱ्याला सव्वाचार हजार लागतात, तेवढी रेस कानाने ओळखायची. चार-पाच वेळा कमी-जास्त झालं. मग एकदा बरोब्बर जुळलं, आणि दांडा माझ्या बोटांनी ढकलायच्या आधीच आत गेल्यासारखा वाटला. आप्पांनी मान हलवली, काही बोलले नाहीत. नंतर घाटात हात बाहेर काढून वारा धरतात तसा त्यांनी हात बाहेर काढला. माझ्यासाठी हा या गाडीचा आतापर्यंतचा सर्वांत चांगला दिवस.

बाकीचं थोडक्यात. या गाडीत थ्रॉटल केबलवर आहे. केबल ढिली होती, ती ताणून घेतल्यावर क्लच सोडताना येणारा झटका बराच कमी झाला. पैसा लागत नाही, दहा मिनिटांचं काम. जड धातूचा नॉब घेतला होता. वजनामुळे दांडा सहज फेकला जातो हे खरं, पण जानेवारीत उणे बारा अंशांना त्याला उघड्या हाताने हात लावता येत नाही, म्हणून जुना चामड्याचा परत बसवला. शॉर्ट शिफ्टर, म्हणजे हालचाल आखूड करणारा दांडा, घेऊ नका. या गाडीचा दांडा मुळातच आखूड चालतो. आणखी आखूड केला तर हाताला जोर जास्त लागतो आणि रिंगवरचा ताण वाढतो.

हिवाळ्यात मीठ टाकलेलं नसेल अशा कोरड्या दिवशीच गाडी बाहेर काढली. अकरा महिन्यांत एकूण सहा हजार मैल झाले. दुसरा गिअर कडाक्याच्या थंडीत पहिला मैलभर अजून रुसतो, कारण झिजलेली रिंग ऑइलने भरून येत नाही. टाकीतलं क्लचचं ऑइल किंचित गढूळ झालंय. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे एप्रिलमध्ये बदलणार. आणि गेल्या महिन्यापासून गाडी थंड असताना पॅडल दाबलं की खालून बारीक किरकिर ऐकू येते, सोडलं की थांबते. रिलीज बेअरिंग, क्लच सोडवताना काटा ज्याला ढकलतो ते. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, आणि एकदा खाली घेतला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, पायलट बेअरिंग आणि मागचं ऑइल सील सगळं एकदमच करणार. आप्पांना कालच आवाज ऐकवला. म्हणाले, उन्हाळा काढंल.