जनगणनेची सी-01 फाईल: गोव्याचे आकडे काढायला कितपत कामाची

देशाची लोकसंख्या, धर्म, कामधंदा यांवर प्रकल्प करणारे, गोवा लोकसेवा आयोगाच्या (जीपीएससी) परीक्षेची तयारी करणारे आणि बातमीसाठी आकडा शोधणारे, या सगळ्यांसाठी सेन्सस इंडियाच्या वेबसाइटवरचे 2011चे तक्ते आजही पहिला आधार आहेत. फाईल फुकट उतरवता येते आणि ती एक्सेलमध्ये उघडते. मात्र वाचायची पद्धत माहीत नसेल, तर हीच फाईल साफ चुकीचं उत्तर देते.

धर्माचा तक्ता सी-01. गोव्याचा राज्य क्रमांक 30, म्हणून फाईलच्या नावात डीडीडब्ल्यू30सी-01 दिसतं. संपूर्ण भारताच्या फाईलमध्ये 30च्या जागी 00 असतं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो बेरजेत. आधी राज्य, मग जिल्हे, मग तालुके, मग शहरं असं सगळं एकाखाली एक येतं आणि प्रत्येक ठिकाणाच्या टोटल, रूरल, अर्बन अशा तीन ओळी असतात. अख्ख्या स्तंभाची बेरीज मारलीत, तर गोव्याची 14,58,545 लोकसंख्या किमान सहापट होऊन साडेसत्त्याऐंशी लाखांच्या वर जाते, शहरांच्या ओळी वेगळ्याच. म्हणून आधी फिल्टर लावा: फक्त टोटलच्या ओळी ठेवा, शहराच्या कोडात फक्त शून्य ठेवा आणि तालुक्याच्या कोडात शून्य सोडून बाकी सगळे ठेवा. 11 ओळी उरल्या पाहिजेत आणि त्यांची बेरीज 14,58,545 आली पाहिजे. नाही आली, तर पुढे जाऊ नका.

प्रत्येक धर्माला एकूण, पुरुष, स्त्रिया असे तीन स्तंभ आहेत आणि वरचं शीर्षक एकत्र जोडलेल्या चौकटीत असतं. घाईत पुरुषांचा स्तंभ उचलला जातो. टक्केवारी फाईलमध्ये नसते, आपली आपण काढायची. गोव्याला हिंदू 66.08, ख्रिस्ती 25.10, मुस्लिम 8.33 टक्के. देशपातळीवर हेच आकडे 79.80, 2.30 आणि 14.23. ठिकाणांची नावं फक्त इंग्रजीत असल्यामुळे सासष्टी तालुका शोधायला साल्सेत टाइप करावं लागतं.

आता गोवेकरांनी खास लक्षात ठेवायची गोष्ट. 2011च्या तक्त्यात फोंडा तालुका उत्तर गोव्यात आहे. तो दक्षिण गोव्याला जोडला गेला 2015च्या जानेवारीत. तक्त्यात उत्तर गोवा 8,18,008 आणि दक्षिण गोवा 6,40,537. एकट्या फोंड्याचे 1,65,830 लोक इकडून तिकडे नेले, की दक्षिण 8,06,367 होतो आणि उत्तर 6,52,178वर येतो. म्हणजे 2015च्या या बदलानंतरच्या हद्दीत मोठा जिल्हा कोणता, याचं उत्तरच उलटतं. धर्माच्या टक्केवारीचंही तसंच. तक्त्याप्रमाणे उत्तरेत हिंदू 76 आणि ख्रिस्ती साडेसोळा टक्के, दक्षिणेत हिंदू 53 आणि ख्रिस्ती 36. आजच्या हद्दीला हे आकडे जसेच्या तसे चिकटवणं चूक आहे. जिल्ह्याची ओळ सोडून तालुक्यांच्या ओळी नव्याने जोडा. 1981 किंवा त्याआधीचं हवं असेल, तर ‘गोवा, दमण आणि दीव’ या नावाने शोधा, कारण घटक राज्य झालं ते 30 मे 1987 रोजी.

पारशी शोधणाऱ्यांची सी-01मध्ये निराशा होते. ते ‘इतर धर्म’ या एका स्तंभात आहेत. त्यासाठी याच तक्त्याचं परिशिष्ट उतरवा. देशात 57,264 पारशी, 2001मध्ये 69,601 होते. झारखंड आणि शेजारच्या राज्यांतले सरना हा आदिवासी धर्म मानणारे सुमारे 49 लाख 57 हजार, तेही तिथेच. विविधतेवर निबंध लिहिणाऱ्याने हे पान वगळूच नये, मुख्य तक्त्यात ही माणसं वेगळी दिसतच नाहीत. ख्रिस्तींमध्ये कॅथलिक किती, हे सी-01 सांगत नाही. गावनिहाय धर्मही मिळत नाही. गावाची लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमाती, साक्षरता हवी असेल, तर जिल्हा जनगणना पुस्तिका पाहा.

अर्थव्यवस्थेच्या बाबतीत मात्र जनगणनेची माहिती अर्धवट आहे. जनगणनेत उत्पन्न विचारत नाहीत, काम विचारतात. गोव्यात 5,77,248 कामगार. त्यांत शेतकरी 31,354, शेतमजूर 26,760, घरगुती उद्योगातले 14,708 आणि बाकी 5,04,426 ‘इतर’. या चार गटांच्या वर्गवारीत खाण, हॉटेल, बंदर, सरकारी नोकरी सगळं त्या एका ‘इतर’मध्ये! हा 87 टक्के आकडा पर्यटनाच्या नावावर खपवणं सर्रास चालतं, ते करू नका. उत्पन्नासाठी राज्याच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाचं आर्थिक सर्वेक्षण घ्या. दरडोई काढताना आजचं उत्पादन 2011च्या लोकसंख्येने भागू नका, आकडा फुगतो. केंद्राच्या लोकसंख्या अंदाजविषयक तांत्रिक गटाच्या जुलै 2020च्या अहवालात 2036पर्यंतची अंदाजित लोकसंख्या राज्यवार दिली आहे, तीच वापरावी.

आणखी एक. मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या काळात झाली. त्या संपूर्ण काळात बोटीवर असलेले तारवटी (खलाशी) किंवा आखातात असलेली माणसं गोव्याच्या घरात मोजलेली नाहीत. सासष्टी, बार्देश तालुक्यांच्या आकड्यांवर बोलताना हे धरून चाला.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख गोव्यासाठी 1 मार्च 2027 आहे. ते तक्ते हाती येईपर्यंत 2011च्या फाईली आपल्या संगणकावर जपून ठेवा, आणि फाईलच्या नावातला तक्ता क्रमांक बदलू नका. नंतर तुलना करताना तोच लागतो.