कॉम्प्युटरसाठी मुद्दाम कमी नंबरचा चष्मा, पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

माझा नंबर उजवा मायनस सव्वाचार, डावा मायनस पावणेचार, दोन्हीकडं थोडा सिलेंडर, म्हणजे तिरका नंबर. काम कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीचं डिझाईन, म्हणजे सकाळी मॉनिटरसमोर बसलं की कॅडवरच्या बारीक रेघा बघत संध्याकाळच. चारच्या चहापर्यंत कपाळ जड व्हायचं आणि मान वर करून लांब बघितलं की काही सेकंद सगळं पुसट, मग सावकाश फोकस यायचा. बरीच वर्षं हेच चाललेलं. ब्ल्यू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा घेऊन झाल्या, काडीचा फरक नाही. (२०२३ ला कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय संशोधन तपासून निष्कर्ष काढणाऱ्या संस्थेचा आढावा आला त्यातही हेच की स्क्रीनच्या ताणावर त्या काचेचा फायदा दिसत नाही, पण दुकानात निळा लेसर मारून दाखवतात आणि आपण गार होतो.)

मग नेटवर वाचलं की मायनसवाल्यांनी स्क्रीनला कमी नंबर वापरायचा आणि तो किती कमी ते स्वतः टेपनं मोजून ठरवायचं. त्या मंडळींचा पुढचा दावा असा की असं करत करत मूळ नंबरच उतरत जातो. त्याचं काय झालं ते खाली लिहितोच.

गणित सोपं आहे. चष्म्याचा नंबर डायऑप्टरमध्ये मोजतात, डायऑप्टर म्हणजे १ भागिले मीटर. चष्मा काढायचा, एक डोळा झाकायचा, पेपरातल्या छोट्या जाहिरातींचा बारीक टाईप नाकाजवळून हळूहळू लांब न्यायचा, अक्षराच्या कडा जिथं पहिल्यांदा फुगल्यासारख्या वाटतील तिथं थांबायचं आणि डोळ्याच्या कडेपासून कागदापर्यंत मोजायचं. १०० ला त्या सेंटिमीटरनं भागलं की आला नंबर. बायकोचा शिलाईचा टेप घेतला, तो एका बाजूला इंच आणि एका बाजूला सेंमी, तेवढं बघून धरा. माझं उजव्याला २४ आलं, म्हणजे ४.१७, चष्म्याच्या नंबराला अगदी लागून. तेच रात्री कामावरून आल्यावर ट्यूबलाईटखाली २२ येतं, त्यामुळं मोजायचं तर सकाळी गॅलरीत, भरपूर उजेडात.

आता मॉनिटर. माझा ६५ सेंमीवर आहे, १०० भागिले ६५ म्हणजे दीडच्या आसपास, तेवढं नंबरातून वजा. उजवा झाला पावणेतीन, डावा सव्वादोन. दोन्हीतून सारखंच वजा करायचं, सिलेंडर आणि ॲक्सिसला (सिलेंडरचा कोन) हात लावायचा नाही.

दुकानात गेलो तर तिथले काका चिठ्ठी बघून म्हणाले, “साहेब, लिहिलंय एक आणि तुम्ही सांगताय दुसरंच, उद्या लांबचं दिसत नाही म्हणून परत आणाल.” म्हटलं, “काका, फक्त स्क्रीनला हाय, गाडीवर नाही घालणार.” मग त्यांनीच ट्रायल फ्रेममध्ये काचा चढवल्या, मोबाईल हातभर लांब धरायला लावला, बरोबर आहे म्हणाले आणि जवळच्या कामाचा चष्मा म्हणून पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, दोनेक मिलीनं कमी घेतली. मी एकटा ऑनलाईन ऑर्डर करत बसलो असतो तर हे डोक्यातच आलं नसतं. साधी फ्रेम, साध्या काचा, हजाराच्या आत काम झालं.

पहिले काही दिवस अक्षरं जरा मोठी आणि मऊ दिसली. फुल नंबरात कसं सगळं लहान, काळंकुट्ट, कोरीव दिसतं, तसं नाही, आणि मला वाटलं गेले पैसे. पण पंधरवड्यात चारचं डोकं जड होणं जवळजवळ थांबलं. कारणही सरळ आहे, फुल नंबर घालून ६५ सेंमीवर बघायचं तर डोळ्यातल्या स्नायूला दिवसभर दीड डायऑप्टरचा जोर लावून बसावं लागतं, या चष्म्यात तो जवळपास मोकळा. अजून एक फायदा म्हणजे खुर्ची मागं सरकली की स्क्रीन धुरकट होते, त्यामुळं माणूस आपोआप एका जागी सरळ बसतो. तोटा म्हणाल तर दारात कोण आलंय ते आवाजावरून ओळखायचं, आणि शॉप फ्लोअरवर जाताना चष्मा बदलायचा वैताग आहेच, लई वैताग.

आता नंबर उतरण्याचं. दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडं थेंब घालून तपासलं, उजवा मायनस चार निघाला. पाव उतरला म्हणून मी खूश, पण मागं लॅसिकची (लेसरनं नंबर घालवायचं ऑपरेशन) चौकशी केली होती तेव्हाच्या फाईलमध्ये डोळ्याची लांबी होती, ती डॉक्टरांनी पुन्हा मोजली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मोजतात त्याच मशीनवर. तेव्हा २५.४ मिमी, आत्ताही २५.४. मायनस नंबर मुख्यतः या लांबीतून येतो, एक मिलिमीटर म्हणजे अडीच-तीन डायऑप्टर, आणि मोठ्या माणसाचा वाढलेला डोळा परत आखूड होत नाही. तो पाव एक तर आधीच जास्त दिलेला होता नाहीतर स्नायू आखडल्यामुळं चढलेला. आपल्याला आराम मिळाला तेवढा खरा, बाकीच्या गप्पा सोडून द्या.

बाहेरही कमीच नंबर घाला असं कुणी म्हणालं, तर रस्त्यावरचं मात्र मी ऐकणार नाही. जुना साडेतीनचा चष्मा घालून रंकाळा तलावाला चक्कर मारून बघितली, दिवसा चालतंय, दिवे लागले की प्रत्येक दिव्याला शेपूट. लायसन्सच्या फॉर्ममध्ये २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का असं विचारतात, ते रात्री हायवेवर आठवून बघा.

ताईनं विचारलं, भाच्याला असा चष्मा करू का? अजिबात नको म्हटलं. मलेशियात ९४ मुलांवर दोन वर्षं करून बघितलंय, निकाल २००२ ला आला, पाऊण नंबर कमी दिलेल्या मुलांचा नंबर १.०० नं वाढला आणि पूर्ण दिलेल्यांचा ०.७७ नं. मुलांचा नंबर वाढायचा वेग कमी करायला कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब, वेगळ्या डिझाईनच्या काचा असले उपाय आहेत, ते डॉक्टर ठरवतील, आपण त्याला रोज दोन तास उन्हापावसात खेळायला सोडायचं.

आणि दोन्ही फ्रेम सारख्या घेऊ नका. माझी स्क्रीनची निळी, बाहेरची काळी, आणि गाडीची किल्ली मी काळ्या चष्म्याच्या केसमध्येच ठेवतो, म्हणजे निघताना ती केस उघडल्याशिवाय गाडीच सुरू होत नाही.