जुव्याची बोटफेरी: वेळ ओहोटीची मागा

गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवे बेटाला वळसा घालून किल्ल्यावर नेणारी ही अर्ध्या दिवसाची फेरी. बोट स्वच्छ, लाइफ जॅकेट सगळ्यांना, आणि मगरी कुठल्या चिखलात ऊन खात पडतात ते नावाड्याला पाठ. तक्रार एकच, पण मोठी: बोट घड्याळावर सुटते, पाण्यावर नाही.

भरतीला खारफुटीचे शेंडेच तेवढे दिसतात. ओहोटीला, म्हणजे इकडच्या सुकतीला, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारे दार, उघडी पडते. मानशीच्या लाकडी झडपा नीट बघा. भरतीचा दाब आला की त्या आपोआप मिटतात. सुकतीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. झडपेत एखादा ओंडका अडकला की खारे पाणी शेतात, आणि पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत भात विसरा.

किल्ल्याचा इतिहासही ह्याच पाण्याचा. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री संभाजीराजांच्या सैन्याने ओहोटी साधून जुवे घेतले. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदि द आल्वोर त्याच महिन्यात फोंड्याचा वेढा उठवून हात हलवत परतला होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः बेट सोडवायला आला आणि दंडात गोळी घेऊन माघारी गेला. मग सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत राजदंड ठेवून त्याने गाऱ्हाणे घातले. गाइड हा शेवट रंगवून सांगतो. पोर्तुगीज राजधानीच्या उंबऱ्यावरचे बेट एका रात्रीत गेले कसे, ह्यावर मात्र चकार शब्द नाही. आटलेले पात्र नुसते बोटाने दाखवले तरी पुरे होते.

किल्ला लहान. ख्रिस्तराजाचा पुतळा, थोडी तटबंदी. रायगड डोक्यात ठेवून चढाल तर दहा मिनिटांत उतराल.

वेळ ठरवताना मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा, पण नदीत आत पाणी उशिरा फिरते हे धरून चला. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी दोनेक मीटर उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार थोडी, तेव्हा गंमत कमी. पूर्ण ओहोटीच्या दीडेक तास आधी निघा. अगदी तळाला गेलेल्या पाण्यात बोट चिखलाला टेकते आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय ठरत नाही. हंगाम असेल तर जुव्याचे सात शिरांचे भेंडे, म्हणजे इथली भेंडी, विचारा. फेरीवाले त्याचे नावही काढत नाहीत.