खंडणीविरोधी पथक, मुंबई गुन्हे शाखा: चित्रपट निर्मात्यांसाठी परीक्षण

खंडणीचा फोन आला की निर्मात्याने गाठावा असा भरवशाचा दरवाजा म्हणजे गुन्हे शाखेचं खंडणीविरोधी पथक. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड बराचसा तक्रारदाराच्या हातात आहे.

धमकी हल्ली इंटरनेट कॉलवरून येते. नंबर परदेशी दिसला तरी माणूस तिथे असेलच असं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल मोबाइल कंपनीच्या सीडीआरमध्ये (कॉलच्या नोंदींमध्ये) नेहमीच्या कॉलसारखा दिसत नाही. फोनमधलं रेकॉर्डिंगही बहुधा चालत नाही. म्हणून स्पीकर लावून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. क्लिप मॅनेजरला पाठवायची आणि मूळ फाइल पुसायची, ही घातक चूक. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) द्यावी लागते. मूळ फाइलच नसेल तर बचावाचा वकील तिथेच धरतो. दोन्ही फोन रिसेट करू नका.

एफआयआर कुठल्याही ठाण्यात, हद्द न पाहता, शून्य क्रमांकाने होते, प्रत मोफत मिळते. पैसे आधीच दिले असतील तर ते सांगाच. न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये जिवाची भीती घालून पैसे उकळले तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पैसे उकळण्यासाठी नुसती तशी भीती घातली तर ७. लपवालपवी अंगाशी येते: अंडरवर्ल्डच्या संबंधांची माहिती दडवल्याबद्दल २००३ मध्ये एका बड्या फायनान्सरला १ वर्षाची शिक्षा झाली होती.

मकोका (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लगेच लागेल अशी आशा धरू नका. टोळीवर आधीच्या १० वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं हवीत, शिवाय उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी. एकदा लागला की मात्र आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि जामीन अवघड होतो.

कच्ची बाजू संरक्षणाची. अंगरक्षक मिळाला तरी तो एका माणसाबरोबर फिरतो. ऑफिस, लाइन प्रोड्युसर, सेट उघडेच राहतात. गुलशन कुमार यांची १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत मंदिराबाहेर हत्या झाली, राकेश रोशन यांच्यावर २१ जानेवारी २००० ला सांताक्रूझच्या कार्यालयाबाहेर गोळ्या झाडल्या. दोन्ही ठिकाणं रोजच्या येण्याजाण्याची. तेव्हा तक्रार दिल्यावर कॉलशीट (कोणी, कधी, कुठे हजर राहायचं याचा तक्ता) सरसकट ग्रुपवर टाकणं आधी बंद करा आणि घरून निघायची वेळ रोज बदला.