बुडापेस्ट: मुक्काम कुठे करावा आणि रात्र कुठे घालवावी

डॅन्यूब नदीच्या पश्चिमेचे डोंगराळ बुडा, पूर्वेचे सपाट पेश्त आणि उत्तरेकडचे ओबुडा ही तीन गावे 1873 मध्ये एकत्र आली आणि आजचे बुडापेस्ट झाले. किल्ला, मथायस चर्च आणि फिशरमन्स बॅस्टियनच्या कमानी बुडाच्या टेकडीवर आहेत, पण रात्री जाग असते ती पेश्तमध्ये. त्यामुळे हॉटेल कोणत्या काठावर आणि कोणत्या गल्लीत घेतले, यावर इथली निम्मी सहल ठरते.

आमचे हॉटेल पेश्तच्या सातव्या विभागात, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत होते. खोली स्वच्छ, न्याहारी भरपेट आणि कर्मचारी अदबशीर, याबद्दल तक्रार नाही. मात्र जाहिरातीत ‘मध्यवर्ती आणि शांत’ असे छापणाऱ्या या हॉटेलच्या प्रत्येक उशीपाशी कानात घालायच्या बोळ्यांची पुडी ठेवलेली होती आणि पहाटेपर्यंत खिडकीखालून चाललेली गाणी ऐकल्यावर तिचे प्रयोजन स्पष्ट झाले. पेश्तच्या जुन्या इमारती मधोमध चौक ठेवून बांधलेल्या असतात. याच भागात राहायचे असेल तर रस्त्याकडची खोली नाकारून चौकाकडची आग्रहाने मागून घ्यावी. झोप महत्त्वाची वाटणाऱ्यांनी संसद भवनाजवळचा पाचवा विभाग निवडावा. तिथे दर चढे असतात, पण नदी पायाखाली येते.

सातव्या विभागातला हा गोंगाट ज्यांच्यामुळे आहे ते ‘रुइन बार’ मात्र पाहण्यासारखेच आहेत. दुसऱ्या महायुद्धात याच वस्तीत ज्यूंना कोंडण्यात आले होते आणि नंतरच्या दशकांत इथली घरे दुरुस्तीविना पडून राहिली. अशाच पडक्या वास्तूंमध्ये जुने फर्निचर मांडून मद्यालये सुरू झाली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध सिम्प्ला केर्ट 2002 मध्ये निघाले आणि 2004 पासून काझिन्त्सी रस्त्यावर आहे. अंगणात पूर्व जर्मनीत बनलेली एक जुनी त्राबांट मोटार आहे, तिच्यात बसून लोक बिअर पितात. शेजारी न्हाणीचा टब कापून केलेला बाक आहे आणि भिंतींवर नावे कोरायला बोटभरही जागा उरलेली नाही. शुक्रवारी-शनिवारी रात्री उशिरा इथे लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके शिरतात आणि जागेची सगळी मजा जाते, म्हणून संध्याकाळी लवकर जाणे शहाणपणाचे. त्याच अंगणात रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तो मला रात्रीच्या गर्दीपेक्षा अधिक आवडला.

दारू आणि गोंगाट नको असेल त्यांच्यासाठी रात्रीचा उत्तम पर्याय बुडाच्या काठावर आहे. रुदाश हे सोळाव्या शतकातले ऑटोमन स्नानगृह शुक्रवारी आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत उघडे असते. घुमटाखालच्या अष्टकोनी हौदात कोमट पाण्यात मान टेकून वर पाहिले, की घुमटाच्या लहान लहान झरोक्यांत बसवलेल्या रंगीत काचा दिसतात. सिटी पार्कमधले 1913 चे सेचेनी स्नानगृह अधिक भव्य आहे आणि वाफाळत्या पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारी मंडळी तिथेच भेटतात, पण गर्दी आणि तिकिटाचा दर पाहता माझी पसंती रुदाशलाच आहे.

दिवसाच्या दर्शनात संसद भवनाचा क्रम पहिला लागतो. त्याचा घुमट 96 मीटर उंच आहे आणि सेंट स्टीफन बॅसिलिकाचीही उंची तेवढीच. हा आकडा मग्यार, म्हणजे हंगेरियन लोकांच्या पूर्वजांच्या, टोळ्या इथे आल्या त्या 896 या सालावरून घेतला आहे. आतली सहल आधी आरक्षण केल्याशिवाय मिळणे अवघड असते. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांनी दोन क्रमांकाची ट्राम पकडावी: ती पेश्तच्या काठाने जाते आणि समोर चेन ब्रिज, किल्ला, गेलेर्ट टेकडी असे सगळे एका तिकिटात दाखवते. जर्मन सैन्याने 1945 मध्ये उडवलेला हा पूल 1949 मध्ये पुन्हा उभा राहिला. अंधार पडल्यावर तो पायी ओलांडावा.

व्यवहार फोरिंट या हंगेरीच्या चलनातच करावा, कारण युरो घेणारी दुकाने दर आपल्या सोयीने लावतात, आणि हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरले आहे का, हे बक्षिशी देण्यापूर्वी वाचून पाहावे. कागदी तिकीट यंत्रात छापून घेतले नाही तर तपासनीस दंड करतात, आणि त्यांच्याशी हुज्जत घालून उपयोग होत नाही. रात्री मेट्रो थांबल्यानंतरही पेश्तच्या मध्यभागाला वळसा घालणाऱ्या मोठ्या रस्त्यावरची सहा क्रमांकाची ट्राम चालू असते, त्यामुळे टॅक्सी करण्याची वेळ सहसा येत नाही.