स्वाहिली फ्लॅशकार्ड घेतली, कार्डं चांगली पण इंग्रजीने घोळ केला

नवऱ्याला टांझानियात दार-ए-सलामला नोकरी लागलीय, तिथे स्वाहिली बोलतात, दिवाळीनंतर आम्ही पण जाणार, म्हणून बडोद्यातच रावपुऱ्यात एका दुकानातून हे स्वाहिली फ्लॅशकार्डचं पाकीट घेतलं, 320 रुपये, त्यात फक्त विशेषणं आणि माझं-तुझं एवढंच आहे. पुठ्ठा जाड, पोरानं चहा सांडला तरी काही झालं नाही.

पण कार्डावर नुसतं '-झुरी' आणि मागे इंग्रजीत 'गुड', बस. ती पुढची रेघ कशासाठी ते कुठेच लिहिलेलं नाही, आठवडाभर मी आपली झुरी झुरी करत बसले. शेवटी शेजारच्या बांनी सांगितलं (त्यांचा जन्म केनियातल्या मोंबासाचा) की रेघेच्या जागी नाम बघून अक्षर लागतं, आणि विशेषण नामाच्या नंतर येतं. चांगला माणूस म्तू म्झुरी, माणसं वातू वाझुरी, चांगलं पुस्तक किताबू किझुरी, पुस्तकं विताबू विझुरी. अहो म्हणजे आपलं चांगला-चांगली-चांगलंच की, आपण शेपूट बदलतो, ते डोकं बदलतात! आणि साफी म्हणजे स्वच्छ, घाली म्हणजे महाग, असे अरबीतून आलेले शब्द बदलतच नाहीत, जसं आपलं सुंदर.

मालकीच्या कार्डांची तर गंमतच. -आंगू म्हणजे माझं, त्याचं पण डोकं नाम बघून बदलतं: माझं पुस्तक किताबू चांगू, माझं घर न्युम्बा यांगू, माझं बाळ म्तोतो वांगू, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या भरीत करायचंय का.

-आको आणि -एनू, दोन्हीच्या मागे 'युअर' छापलंय, आता कळणार कसं? मराठीत तुझं आणि तुम्हा सगळ्यांचं, लगेच डोक्यात बसतं. फक्त एकट्या माणसाला आदरानं म्हणून एनू नाही लावायचं, बांना पण आकोच, माझी जीभ अजून अडखळते. उलट -आके एकच, त्याचं पण तेच नि तिचं पण तेच, आणि आपलं-आमचं असलं काही नाही, सगळं -एतू.

राहिसीच्या कार्डावर फक्त 'ईझी' आहे, स्वस्त हा अर्थ गायब, भाजी आणायला जाणाऱ्या बाईला आधी तोच लागणार ना.

पाचपैकी साडेतीन स्टार. घेणार असाल तर सोबत एक मार्कर पण घ्या, मागे मराठी लिहायला जागा भरपूर सोडलीय.